पाऊस येण्याआधी टीव्ही का जातो?

२०२० सालचा पावसाळा आपल्यापैकी कोणी विसरणार नाही. कोरोनामुळे शाळांना कुलपे होती, विहारेही बंद होती. वर्षावासातले ग्रंथवाचन आम्ही आपापल्या घरीच करीत होतो. त्याच जुलै महिन्यापासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठी अभ्यासाची मालिका सुरू झाली. ज्या घरात स्मार्टफोन नव्हता, किंवा एकच होता आणि तो वडील सोबत घेऊन जात, त्या घरातल्या लेकरांसाठी ही मालिका म्हणजेच शाळा होती. नागपुरातल्या आमच्या वस्तीत अशी घरे थोडीथोडकी नव्हती.

आमच्या शेजारची मुलगी तेव्हा पाचवीत होती. वडील हातमजुरी करणारे, आई चार घरची धुणीभांडी करणारी. टाळेबंदीत दोघांचीही कामे सुटलेली. घराच्या पत्र्यावर एक लहानशी डिश आणि घरात जुना टीव्ही, एवढेच त्या मुलीचे शाळेशी नाते उरले होते. वही-पेन घेऊन ती वेळेवर बसायची. धडा रंगात आला की नेमके चित्र गोठायचे, पडद्यावर चौकोन चौकोन दिसायचे आणि मग सिग्नल नसल्याची पाटी यायची. अर्ध्या तासाने टीव्ही आपोआप सुरू व्हायचा, तोवर धडा संपलेला असायचा.

घरात चर्चा सुरू झाली. आजी म्हणाली, डिशला कोणाची तरी नजर लागली. एका दुरुस्तीवाल्याने ‘बूस्टर’ म्हणून कसलीशी डबी बसवली आणि पाचशे रुपये घेतले. फरक काही पडला नाही. पुढे कोणा वास्तुवाल्याने सांगितले, की डिशचे तोंड दक्षिणेकडे आहे, ती यमाची दिशा, म्हणून घरात विद्या टिकत नाही. झाले! डिशच्या दांडीला काळी बाहुली लटकली. ज्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, ज्या घरातल्या आजोबांनी १९५६ साली दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्या घराच्या पत्र्यावर काळी बाहुली! हे मी कोणाला हिणवण्यासाठी लिहीत नाही. पोटात भूक आणि लेकराचे नुकसान डोळ्यांसमोर असले की माणूस काहीही करून पाहतो.

एके दिवशी ती मुलगी माझ्याकडे आली. म्हणाली, “काकाजी, बाहुली बांधली तरी टीव्ही जातेच. अन् आज तं आपल्याकडे पाऊसही नोता आला, तरी गेली. मंग कायले गेली?”

मी कारकून माणूस, शिक्षण बी.कॉम. सगळा जन्म जमा-खर्च मांडण्यात गेला. मला उत्तर देता आले नाही आणि त्याची मला लाज वाटली. सभांमधून आपण सांगतो, की कारणाशिवाय काही घडत नाही, हाच तथागतांच्या शिकवणीचा गाभा आहे. मग या लेकराला कारण कोण सांगणार? बाहुली काढा, एवढे म्हणून भागत नाही. बाहुलीच्या जागी कारण ठेवावे लागते. म्हणून भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका परिचित प्राध्यापकांना मी फोन केला, त्यांनी सुचवलेली पुस्तके पुढे मिळवून वाचली आणि जे समजले ते आज वाचकांपुढे ठेवीत आहे.

डिशचे तोंड दक्षिणेकडेच का?

टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. त्या उंचीवरचा उपग्रह पृथ्वीच्या गतीबरोबर फिरतो, त्यामुळे आपल्याला तो आकाशात एकाच जागी उभा दिसतो. विषुववृत्त आपल्या दक्षिणेला आहे. म्हणून भारतातल्या प्रत्येक घराची डिश, मग ते घर कोणत्याही जातीचे वा धर्माचे असो, दक्षिणेच्या बाजूलाच तोंड करून असते. दक्षिण अशुभ असती तर वास्तुवाल्याच्या स्वतःच्या घरीही टीव्ही दिसला नसता.

दूरदर्शनची मोफत डिश सेवा जीसॅट-१५ या उपग्रहावरून चालते. नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेला हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. नागपूर ७९ अंशांवर. म्हणजे आपल्याला तो दक्षिण आणि पूर्व यांच्या मध्ये, आग्नेय दिशेला, क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंच आहे. ही दिशा लक्षात ठेवा, पुढे कामी येणार आहे.

ढग आणि थेंब

ढग म्हणजे वाफ नव्हे. वाफ डोळ्यांना दिसत नाही. ढग म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे अतिसूक्ष्म कण. असा प्रत्येक कण समुद्राच्या मिठाच्या, धुळीच्या किंवा धुराच्या एखाद्या बारीक कणाभोवती जमतो. त्याची जाडी साधारण एका मिलिमीटरचा पन्नासावा भाग असते. इतका हलका कण खाली पडत नाही. पावसाचा दोन मिलिमीटरचा एक थेंब तयार व्हायला असे सुमारे दहा लाख कण एकत्र यावे लागतात. वरखाली होताना ते एकमेकांवर आदळतात, एकमेकांत मिसळतात, जड होतात आणि मग पाऊस पडतो. एकेकटा कण हवेत तरंगतच राहतो, एकत्र आले तेव्हाच जमीन भिजते.

आपल्या उष्ण पट्ट्यात पावसाळ्यात जमिनीपासून साधारण पाच किलोमीटर उंचीपर्यंत पाणी द्रवरूपात असते. त्याच्या वर हवा गोठणबिंदूखाली जाते आणि बर्फाचे कण सुरू होतात. विजा कडाडणारे मोठे ढग तर पंधरा किलोमीटरच्याही वर जातात.

या ढगांचा अभ्यास आपल्या महाराष्ट्रातच चालतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ साली महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासाची उंचावरची प्रयोगशाळा सुरू केली. पावसाळ्यात तिथे ढग जमिनीवरच उतरतात, त्यामुळे शास्त्रज्ञांना दारात बसून ढग मोजता येतात. थेंबांची संख्या आणि आकार मोजणारी यंत्रे तिथे आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या भर पावसाळ्यातल्या संततधारेत थेंब बारीक आणि संख्येने पुष्कळ असतात, तर मान्सूनच्या आधीच्या वळवाच्या पावसात टपोरे थेंब जास्त असतात, असे या मोजमापांतून दिसले. टीव्ही झडीत टिकतो आणि वीस मिनिटांच्या वादळी सरीत जातो, याचे एक उत्तर या थेंबांत आहे.

लहर आणि थेंबाची गाठ

उपग्रहाचा संदेश रेडिओ लहरींवर बसून येतो. लहर किती लांबीची आहे यावर सगळे अवलंबून असते. लहर लांब आणि थेंब लहान असेल तर लहर थेंबाला जुमानत नाही. लहर आखूड होत थेंबाच्या आकाराजवळ येऊ लागली, की थेंब तिची शक्ती शोषतो आणि उरलेली इकडेतिकडे उधळतो.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात आपल्या देशात एक मोठा प्रयोग झाला होता. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शाळेचे कार्यक्रम दाखवले गेले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची मोठी डिश गावात बसवलेली असे. ती लहर सुमारे ३५ सेंटिमीटर लांब होती. पावसाने तिचे काही बिघडत नसे. पुढे १९९० नंतर केबलवाल्यांच्या गच्चीवर आठ-दहा फुटांच्या डिश आल्या. त्यांची लहर साडेसात सेंटिमीटरच्या आसपास. तीही पावसाला फारशी भीत नव्हती.

पण आठ फुटांची डिश झोपडीच्या पत्र्यावर कशी मावणार? डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत डिश सेवा सुरू झाली. दोन फुटांची डिश, महिन्याचे भाडे नाही. गरिबाच्या घरात उपग्रह आला तो यामुळे. लहान डिशवर भागावे म्हणून लहर आखूड करावी लागली, सुमारे अडीच सेंटिमीटर. इथेच थेंबाशी गाठ पडली. लहान डिशची सोय आपण घेतली, तिची किंमत पावसाळ्यात थोडी थोडी मोजतो.

नुसते काळे ढग दाटले म्हणून सिग्नल जात नाही, कारण ढगातला कण फार सूक्ष्म असतो. कोरडा बर्फही फारसे नुकसान करीत नाही. खरे नुकसान पाच किलोमीटरच्या खालच्या पावसाच्या थेंबांचे. शिवाय मोठा थेंब चित्रात काढतात तसा अश्रूसारखा नसतो. हवेच्या दाबाने तो खालून चपटा होतो, बनपावासारखा. म्हणून आडवी थरथरणारी लहर उभ्या लहरीपेक्षा जास्त मार खाते.

माझ्या परिचयाचा हिशेब

इथे मला माझी विद्या उपयोगी पडली. अभियंते या साऱ्याचा ताळेबंदच मांडतात. सिग्नलची घट ते ‘डेसिबल’ या मापात मोजतात. ३ डेसिबल घट म्हणजे शक्ती निम्मी झाली. १० डेसिबल घट म्हणजे एक दशांश उरली, रुपयाचे दहा पैसे.

तासाला ५० मिलिमीटर या वेगाने पाऊस कोसळत असेल, तर मोफत डिशच्या लहरीची दर किलोमीटरला सुमारे २ डेसिबल घट होते. अशा पावसातून पाच किलोमीटरची वाट असेल तर १० डेसिबल, म्हणजे नव्वद टक्के शक्ती वाटेतच खर्च झाली. त्याच पावसात केबलवाल्याच्या साडेसात सेंटिमीटरच्या लहरीची घट पाच किलोमीटरला पाव डेसिबलच्या आसपास होते. एवढा फरक आहे.

तोटा इथेच थांबत नाही. पाऊस स्वतःही रेडिओ लहरींचा बारीक गोंगाट करतो. निरभ्र आकाश डिशला थंड आणि शांत असते, पाऊस भरलेले आकाश ऊबदार आणि गोंगाटाचे. एकीकडे आवक घटली, दुसरीकडे खर्च वाढला. आमच्यासारख्या पगारदारांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

म्हणून अभियंते आधीच काही शक्ती शिल्लक धरून ठेवतात. शिल्लक आहे तोवर चित्र स्वच्छ. शिल्लक संपली की चित्र एकदम बंद. जुन्या टीव्हीवर आधी मुंग्या यायच्या, मग चित्र पुसट व्हायचे. आजचा टीव्ही आकड्यांच्या भाषेत चालतो. लहानसहान चुका तो स्वतः दुरुस्त करतो, पण मर्यादा ओलांडली की हात टेकतो. खात्यात एक रुपया कमी असला तरी चेक परत येतो, तसेच हे.

आधी टीव्ही, मग पाऊस

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. आपली डिश सरळ डोक्यावर पाहत नाही, आग्नेयेला तिरकी पाहते. ६० अंशांनी वर जाणारी ही वाट पाच किलोमीटर उंचीवर पोहोचते तेव्हा ती घरापासून जवळजवळ तीन किलोमीटर दूर गेलेली असते. त्या तीन किलोमीटरच्या पट्ट्यात सर कोसळत असेल तर आपल्या अंगणात ऊन असले तरी टीव्ही जातो. बंगालच्या उपसागरावरून विदर्भाकडे येणारी पावसाची हवा पुष्कळदा पूर्व-आग्नेयेकडूनच येते. म्हणजे ती आधी डिशच्या वाटेत येते, मग आपल्या पत्र्यावर.

दुसरेही कारण आहे. थेंब आधी वर तयार होतात. पाच किलोमीटरवरून निघालेल्या मोठ्या थेंबाला जमिनीवर यायला दहा मिनिटांच्या आसपास लागतात. डिशला तो वरच दिसतो, आपल्याला खाली आल्यावर.

पाऊस इतका ठिकठिकाणी वेगळा असू शकतो का, अशी शंका कोणाला आली तर २६ जुलै २००५ आठवावा. त्या चोवीस तासांत मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि त्याच मुंबईत कुलाब्याला अवघा ७३ मिलिमीटर.

मी त्या मुलीला एक वही दिली. म्हटले, दोन रकाने आख. एकात टीव्ही गेल्याची वेळ, दुसऱ्यात पाऊस सुरू झाल्याची वेळ आणि ढग कोणत्या बाजूला होते ते. महिनाभर तिने नोंदी ठेवल्या. बहुतेक वेळा पहिल्या रकान्यातली वेळ दुसऱ्याच्या आधीची होती आणि ढगापुढे लिहिलेले होते, ‘दीक्षाभूमीच्या विरुद्ध बाजूला’. आमच्या वस्तीपासून ती बाजू म्हणजे बरोबर आग्नेय.

मोजल्याशिवाय न्याय नाही

युरोपात पाऊस बहुधा हलका पडतो आणि थंडीमुळे गोठणरेषाही खाली असते, म्हणून लहरीची पावसातली वाट आखूड. आपल्या उष्ण पट्ट्यात सर जोराची आणि वाट लांब. वर्षाच्या एक दशसहस्रांश काळात, म्हणजे सुमारे ५३ मिनिटांत, जेवढा जोराचा पाऊस पडतो त्यावरून अभियंते हिशेब मांडतात. सुरुवातीची बरीच मोजमापे थंड देशांतली होती. ती इथे पुरी पडत नाहीत असे उष्ण देशांतल्या अनेक संशोधकांना आढळले आणि मग इथल्या पावसाची मोजणी वाढली. ज्याच्या अंगणातला पाऊस मोजला जात नाही, त्याच्या गरजेची यंत्रेही बनत नाहीत. माणसांच्या बाबतीत आपण हे पिढ्यान् पिढ्या अनुभवले आहे.

याच थेंबांनी शास्त्रज्ञांना वरदानही दिले. लहर थेंबावर आदळून परत फिरते, मग त्यावरून पाऊस का मोजू नये? अमेरिका आणि जपान यांनी नोव्हेंबर १९९७ मध्ये उष्ण पट्ट्यातला पाऊस मोजणारा उपग्रह सोडला. त्याच्या रडारची लहर आपल्या डिशच्या लहरीसारखीच आखूड, दोन सेंटिमीटरच्या आसपास होती. भारत आणि फ्रान्स यांनी १२ ऑक्टोबर २०११ रोजी ‘मेघा-ट्रॉपिक्स’ सोडला. काम संपल्यावर ७ मार्च २०२३ रोजी तो नियंत्रितपणे समुद्रावर उतरवण्यात आला.

आपल्या मुलींना एक नाव जरूर सांगा, अॅना मणी. १९१८ साली केरळात जन्मलेल्या या बाई भौतिकशास्त्र शिकल्या, १९४८ साली पुण्यात हवामान खात्यात रुजू झाल्या आणि परदेशातून आणावी लागणारी हवामानाची उपकरणे देशात बनावीत म्हणून त्यांनी आयुष्य वेचले.

घरी काय करावे?

१. पाऊस आणि विजा सुरू असताना कोणीही डिश हलवायला पत्र्यावर चढू नये. धडा पुन्हा मिळेल, माणूस मिळत नाही.

२. सर ओसरल्यावर टीव्ही आपोआप आला तर दोष ढगाचा होता. दुरुस्तीवाल्याला पैसे देऊ नका. पाऊस थांबून तास झाला तरी आला नाही, तर दोष तारेचा. जोडणीत पाणी शिरते, तांब्यावर हिरवा गंज चढतो. तेवढा तुकडा कापून नवी जोडणी करा आणि टेप घट्ट गुंडाळा.

३. डिश नीट जुळवायची ती पावसाळ्याआधी, कोरड्या दिवशी. टीव्ही दिसतो ना, एवढ्यावर समाधान मानू नका. सेट टॉप बॉक्सवर सिग्नलचा दर्जा दाखवणारी पट्टी असते, ती जास्तीत जास्त होईल तिथे नटबोल्ट कसा. उन्हाळ्यात टाकलेली ही शिल्लक पावसाळ्यात उपयोगी पडते.

४. आग्नेयेला झाडाची फांदी वाढली असेल तर पाहा. ओली पानेही लहर अडवतात.

५. विहारासाठी किंवा अभ्यासिकेसाठी डिश घ्यायची असेल तर ६० ऐवजी ९० सेंटिमीटरची घ्या. तिचे क्षेत्रफळ सव्वादोन पट, म्हणजे साडेतीन डेसिबलची जादा शिल्लक. मुसळधार पावसात तीही जाईल, पण कमी वेळा आणि कमी वेळ.

बाहुलीचे काय झाले?

८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे ओरिसातल्या नद्यांवरच्या परिषदेत बाबासाहेब बोलले होते. ते तेव्हा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री होते. पुराने गांजलेल्या प्रांतात उभे राहून त्यांनी सांगितले, की जादा पाणी ही आपत्ती समजणे चूक आहे, ते साठवावे आणि कामाला लावावे. लोक पावसाला शाप देत होते, बाबासाहेबांनी पावसाचा हिशेब मांडायला सांगितला. आपणही पावसावर किंवा नशिबावर चिडण्याऐवजी तेच करावे.

गेल्या वर्षावासात एका संध्याकाळी आमच्या विहारात ग्रंथवाचन संपले आणि बायका ओट्यावर बोलत बसल्या होत्या. कोणी तरी म्हणाले, आमचा टीव्ही सारखा जातो, काही तरी करून घ्यायला पाहिजे. ती शेजारची मुलगी आता मोठी झाली आहे. ती उठली, फळ्यावर तिने एक घर काढले, घरावर डिश, डिशमधून तिरकी रेघ आणि रेघेत एक ढग. पंधरा मिनिटे ती बोलत होती. मी मागे बसून ऐकत होतो. माझ्याहून सोपे करून तिने सांगितले. तिची आजी पहिल्या ओळीत बसली होती.

बाहुली मात्र त्याच्या कितीतरी आधी, ती वही भरली त्याच महिन्यात उतरली होती. कोणी भाषण केले नाही की भांडण केले नाही. आजीनेच नातीला वर चढवले आणि म्हणाली, “काढ ते बाहुली. उगाच डिशवर भार.”

जयभीम.